गोडबाबांचे पाय

त्या वर्षी पावसाला जायची घाई नव्हती. वेळेवर आला, पडायचा तेवढा पडला, आणि मग निरोप घेऊनही उंबऱ्यात गप्पा मारत उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखा रेंगाळला. नदी काठाला लागून वाहत राहिली. काठाच्या रेताड पोयट्यात ज्येष्ठमधाची पट्टी चार वर्षं उभी होती. खालच्या ओळींच्या मुळांना पाणी लागलं असणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं. कुणी बोलत नव्हतं इतकंच.

ज्येष्ठमधाला पाणी प्यायला हवं असतं, पाण्यात उभं राहिलेलं खपत नाही. वर लख्ख ऊन, खाली भुसभुशीत खोल माती, आणि आलेलं पाणी आल्या वाटेनं निघून गेलेलं, एवढं त्याला मिळालं की मूळ सरळ माणसाच्या कमरेइतकं खाली जातं आणि आडवी धावती मुळं चहूकडे सुटतात. मात्र तीन-चार वर्षं त्याच्यापुढे बसून राहायचं. पहिली दोन वर्षं तर ते जमिनीवर काही करतच नाही, वीतभर पाला दाखवून लोकांना हसायला लावतं. आणि मूळ कुजलं तरी वरून कळत नाही. पाला हिरवागार, आणि खाली सगळा कारभार संपलेला.

या घरात चार माणसं. म्हातारा, म्हातारी, त्यांचा धाकटा मुलगा आणि त्याची बायको. थोरला आणि थोरली शहरात, म्हणून हिला सगळे धाकटी म्हणत. म्हाताऱ्याला गाव गोडबाबा म्हणे. ऐकणाऱ्याला वाटावं, काय प्रेमळ माणूस असेल. पण नाव पडलं होतं ते जिभेवरून. मूळ उकरलं की गोडबाबा चाकूनं मधला तुकडा कापायचे, पिवळाधमक काप जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, हे एक नंबर, हे दोन नंबर, हे जळणात टाका. व्यापारी पंचवीस वर्षं त्या जिभेच्या शब्दावर माल उचलत होता. बाकी घरात त्या जिभेवरून गोड शब्द उतरलेला कुणी ऐकला नव्हता.

धाकटी लग्न होऊन आली त्याच वर्षी ही पट्टी लावली. हातभर लांबीचे मुळाचे तुकडे, प्रत्येकावर दोन-तीन डोळे, डोळे वर ठेवून मातीत उभे करायचे. ती तालुक्याच्या दुकानदाराची मुलगी, तिला डोळा कोणता आणि गाठ कोणती ते काय कळणार? बांधाकडची शेवटची अख्खी ओळ तिने उलटी लावली. गोडबाबांनी ती पाहिली आणि सगळ्यांसमोर, शेजारचे बांधावर उभे असताना, तिला ती ओळ उपटून पुन्हा लावायला लावली. भुरभुर पावसात गुडघ्यावर बसून ती लावत राहिली. "सूनबाईंना मूळ आणि शेंडा कळत नाही," असं ते त्यानंतर चार वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. धाकटी हसून घेई. पण बांधाकडची ती ओळ खुरपायला ती अजूनही सगळ्यांत शेवटी जायची.

पाला पिवळा पडून झडला तशी खणणी सुरू झाली. तेरा ओळी होत्या आणि दिवसाला एक ओळ निघत होती. पाणी लागलेली खालची बाजू आधी काढायची असं बाबांनी ठरवलं. नवरा-बायको ओळीच्या कडेनं कमरेइतका चर खणायचे, मग आतल्या अंगानं कुदळीनं माती ढासळवायची, की मूळ उघडं पडे. ते ओढायचं नाही. ओढलं की तुटतं आणि अर्धा माल जमिनीला दान जातो. हातानं माती सोडवत खाली खाली जायचं. सासूबाई वर दगडावर बसून मुळं धुवायच्या, बारीक केसाळ मुळ्या कात्रीनं छाटायच्या आणि सावलीत पसरायच्या. बाबा बादलीवर बसून चाखायचे.

दुसऱ्या ओळीच्या दिवशी दुपारी त्यांनी बूट काढायला पाय पुढे केला आणि बूट निघेना. धाकटीने खाली बसून दोन्ही हातांनी ओढला, तेव्हा एकदाचा सुटला. घोट्याभोवती बुटाच्या काठाचा खोल वळ उमटलेला. तिने सहज अंगठ्यानं पायावर दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. ओल्या मातीत बोट रोवून ओल बघतात तेव्हा पडतो, अगदी तसा.

"बाबा, पाय सुजलेत तुमचे."

"चर खणून बघ, तुझेपण सुजतील," बाबा म्हणाले. ते स्वतः बादलीवरून उठले नव्हते, हे तिने बोलून दाखवलं नाही.

घरी सासूबाईंनी पाय पाहिले आणि खोकल्यावर खापर फोडलं. पावसाळाभर बाबांना खोकला होता. छातीत कफ साठला, तोच पायांत उतरला असं त्यांचं निदान. खोकल्यावर या घरातलं औषध ठरलेलं होतं. घसा बसला, ज्येष्ठमध. तोंड आलं, ज्येष्ठमध. पोटात आग पडली, ज्येष्ठमध. धाकटीला माहेरी जायचं म्हणून रडू आलं तेव्हाही सासूबाईंनी तिला एक कांडी चघळायला दिली होती. त्यामुळे सुजेवरही तेच सुरू झालं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, हातात जोर नाही. चौथ्या दिवशी चहाचा भरलेला पेला त्यांच्या हातातून कलंडला. मांड्यांत गोळे यायला लागले. चढ चढताना दोनदा थांबून ते नदीकडे बघण्याचं नाटक करायचे. धाकटीला ते नाटक कळायचं आणि तीही नदीकडे बघायची. तिने काढा दाट केला. सकाळी एक वाटी देत होती, त्याच्या सकाळ-संध्याकाळ दोन वाट्या केल्या. सासऱ्यानं चार वर्षं टोचून टोचून हैराण केलं होतं, पण माणूस असा डोळ्यांदेखत ओसरायला लागला की राग कुठे ठेवायचा तेच कळत नाही. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती ती काढ्यात ढवळत होती.

पाचव्या ओळीला बाबा चरात पडले. वाकून एक मूळ दाखवत होते, पाय लटपटला आणि ते कडेच्या मातीसकट खाली आले. लागलं काही नाही, माती मऊ होती. पण उठता येईना. स्वतःच्या हातानं चाळीस वर्षं चर खणलेला माणूस चरात बसून राहिला आणि वर बघू लागला. नवऱ्यानं काखेत हात घालून उचललं, धाकटीने पाय धरले. वर आणून बसवल्यावर बाबांनी कपड्यांवरची माती झटकली आणि काहीच बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

त्या संध्याकाळी नवरा व्यापाऱ्याकडे जाऊन आला. बाबांना मोठ्या शहरात न्यायचं, दाखवायचं, तपासण्या करायच्या म्हणजे पंधरा दिवस गेले. तोवर पुन्हा पावसाचा अंदाज होता, आणि भिजल्या जमिनीत उरलेल्या आठ ओळी कुजून गेल्या असत्या. व्यापारी म्हणत होता की उभं शेत मला द्या, माझी माणसं खणून नेतील. दर निम्मा. नवऱ्यानं उद्या सांगतो म्हटलं होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर उत्तर लिहिलेलंच होतं. चार वर्षं जपलेलं कुणीतरी येऊन ओढून-तोडून नेणार होतं. धाकटीला शेताचं वाईट वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण आतल्या खोलीत बाबा अंथरुणावर पाय वर करून पडले होते आणि आपण शेतासाठी हळहळत होतो.

सकाळी चौघेही जवळच्या दवाखान्यात गेले. मोठ्या दवाखान्यासाठी इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी लागायची. दोन खोल्यांचा दवाखाना, बाहेर लाकडी बाक, भिंतीला पाठ लावलेल्यांच्या डोक्यांचे तेलकट डाग. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नवीनच आलेल्या. त्यांनी पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला, दुसऱ्या हातावर पाहिला. रक्त काढून घेतलं. छाती ऐकली, पायाला अंगठ्यानं दाबलं. मग विचारलं की औषधं कोणती चालू आहेत.

"औषध काही नाही," नवरा म्हणाला.

त्यांनी पुन्हा विचारलं, गावठी, झाडपाल्याचं, कसलंही? सासूबाई म्हणाल्या, अहो नाही हो, आम्ही कुणा वैदूकडे जात नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बाबांनी जरा चिडूनच सांगितलं की आयुष्यात गोळी म्हणून घेतलेली नाही. तंबाखू होती, तीसुद्धा आधीच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी सोडायला लावली. सगळे खरंच बोलत होते. त्यांच्या हिशोबानं औषध म्हणजे दुकानातून आणतात ते.

रक्ताचा निकाल दुपारी आला. अंगातलं पोटॅशियम फार उतरलंय, म्हणून हातापायांत बळ नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. रक्तदाब वाढलेला. मूत्रपिंडाचं असू शकतं, हृदयाचं असू शकतं. त्या चिठ्ठी लिहायला आत गेल्या. नवरा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

बाकावर शेजारी कंपाउंडर येऊन बसला होता आणि खोकत होता. बाबांनी त्याचा खोकला जरा वेळ ऐकला. मग मरायला टेकलेल्या त्या माणसानं सदऱ्याच्या खिशात हात घातला, ज्येष्ठमधाची एक कांडी काढून कंपाउंडरला दिली, दुसरी स्वतःच्या दाढेखाली धरली आणि त्याला समजावायला सुरुवात केली. चघळत राहायचं, रस गिळायचा, चौथ्या वर्षाचं मूळ आहे, बाजारात असं मिळत नाही.

डॉक्टरीणबाई चिठ्ठी घेऊन दारात आल्या आणि तिथेच थांबल्या.

"आजोबा, हे काय खाताय?"

"हे होय? हे आमच्या घरचं आहे."

"रोज खाता?"

"तंबाखू सोडल्यापासून हेच. तोंडाला काहीतरी लागतं ना."

"दिवसाला किती?"

बाबांनी खिसा चाचपला. सात-आठ कांड्या, म्हणाले, कधी दहा. शिवाय खणणी चालू आहे, तेव्हा चाखायला लागतं, ते वेगळं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की चाखून थुंकता का. बाबांना हा प्रश्न अपमानासारखा वाटला. इतक्या चांगल्या मुळाचा रस कोण थुंकणार?

 तेव्हा धाकटी उठून उभी राहिली.

"मी काढा देते त्यांना. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक. पाय सुजल्यापासून दाट करून देते."

"कसला काढा?"

"ह्याचाच."

सासूबाईंनी डोळ्यांवरचा पदर काढला. त्या सुनेकडे बघत राहिल्या. "तू काढा देतेस? मला बोलली नाहीस. मी रात्री दुधात पूड घालून देते. चांगली मोठा चमचाभर."

बाबांनी दाढेखालची कांडी हळूच काढून हातात घेतली. कंपाउंडरनं आपली न खाल्लेली कांडी बाकावर ठेवून दिली. डॉक्टरीणबाई बाकाच्या टोकाला बसल्या, आणि मग त्यांना हसू आवरेना. त्यांनी माफी मागितली, पुन्हा हसल्या, चष्मा पुसला.

मग नीट सांगितलं. हे मूळ खरं औषध आहे, म्हणूनच जपून घ्यायचं. घशाला, खोकल्याला दोन-चार दिवस, चिमूटभर, काही हरकत नाही. माझ्या आईनेही मला दिलंय. पण महिनोन् महिने असं पोटात गेलं की ते अंगात मीठ-पाणी अडवून धरतं आणि पोटॅशियम बाहेर घालवतं. पाय सुजतात, रक्तदाब चढतो, हातपाय गळतात. आणि तुम्ही काय केलंत, ते गळाले म्हणून आणखी दिलंत. चिठ्ठीची त्यांनी घडी घातली आणि आपल्याच टेबलाच्या खणात ठेवली. गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं, एक दिवसाआड रक्त तपासायला बोलावलं. आठ दिवसांत उतार पडला तर शहराची वाट धरायचं कारण नाही. नाही पडला तर मात्र चिठ्ठी आहेच.

 परत येताना घर दिसायला लागलं तेव्हा नवरा एकदम म्हणाला, "आणि मलाही आईनं सांगितलं होतं, बाबांच्या चहात जरा टाकत जा. मी टाकत होतो." सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. धाकटी आधी रडली आणि मग तिला इतकं हसू आलं की रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. म्हाताऱ्यावर घरातल्या एकूण एक माणसानं प्रेम केलं होतं, आणि प्रत्येकानं, दुसरा किती देतोय ते न विचारता.

बाबांना मात्र हसू आलं नाही. ते दुखावले होते. मुळानं आजवर कुणाचं वाईट केलेलं नाही, ही कालची पोरगी सांगणार काय, असं ते दोन दिवस भिंतीला सांगत राहिले. व्यापाऱ्याला नवऱ्यानं आठ दिवस थांबायला सांगितलं. व्यापारी आभाळाकडे बघून म्हणाला की आभाळ थांबलं तर मी थांबतो.

आठ दिवसांचा पहारा धाकटीकडे आला, कारण सासूबाईंना बाबांचे डोळे बघवेनात आणि मुलाला बापाचे खिसे तपासायची हिंमत होईना. सकाळी खणायला निघण्याआधी ती बाबांसमोर उभी राहायची. बाबा दोन्ही हात बाजूला करून भिंतीकडे बघत उभे राहायचे, आणि ती सदऱ्याचे खिसे चाचपायची. पहिल्या दिवशी चार कांड्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी उशीखालून तीन. तिसऱ्या दिवशी कुठेच काही नाही, तेव्हा तिला संशय आला आणि तिने कोपऱ्यातले बूट उलटे केले. पायात जात नव्हते म्हणून पडून राहिलेल्या त्या बुटांच्या आत, पुढच्या टोकाला, कापसात गुंडाळून पाच कांड्या बसवलेल्या होत्या. ज्याच्यासमोर ती चार वर्षं मान वर करून बोलली नव्हती, त्याच्या बुटात हात घालताना तिचे कान गरम झाले.

"एक राहू दे," बाबा म्हणाले. हुकूम नव्हता, मागणं होतं.

"नाही बाबा. तुम्ही पडलात तेव्हा मी पाय धरले होते तुमचे. थंडगार होते." तिने कांड्या पदरात बांधल्या. "नाही देणार मी."

बाबा वळले आणि अंथरुणावर जाऊन बसले. त्यानंतर कांडी निघाली नाही.

खणणी थांबवून चालणार नव्हतं. पण सहाव्या ओळीला चाखायचं कुणी, हा प्रश्न उभा राहिला. पाणी कुठल्या ओळीपर्यंत शिरलं ते डोळ्यांना दिसत नाही, नाकालाही नीट कळत नाही, जिभेलाच कळतं. दोन नंबर माल एक नंबरात मिसळला की वाळताना सगळ्या ढिगाला वास लागतो. नवऱ्यानं चाखलं आणि म्हणाला, गोड आहे. त्याला सगळंच गोड लागायचं. सासूबाईंना दात नव्हते. शेवटी बाबाच म्हणाले की मला शेतावर न्या. हातगाडीवर बसवून त्यांना नेलं, बादलीवर बसवलं, आणि त्यांनी चाकू धाकटीपुढे धरला.

तिने काप कापला आणि जिभेवर ठेवला. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या घशाची घाटी वर-खाली झाली.

"गिळू नको. आता सांग, आधी काय आलं?"

"गोड."

"आधी म्हणतोय मी. गोडाच्या आधी."

तिने डोळे मिटले. गोडाच्या आधी काहीतरी होतं खरं. "माती. म्हणजे बंद पेटी उघडल्यावर येतो तसा वास. मग गोड."

"आणि गोड गेल्यावर?"

"घशाशी कडू. बराच वेळ राहतंय."

"थुंक. हे दोन नंबर. खालचं टोक कापून टाक, चार बोटं, वरचं ठेव," बाबा म्हणाले. मग जरा वेळानं, दुसरीकडे बघत, "बरोबर सांगितलंस."

चार वर्षांत हे दोन शब्द पहिल्यांदा आले होते. तिने थुंकलं, पाण्यानं चूळ भरली आणि लगेच पुढचं मूळ कापलं, कारण काय करावं ते तिला सुचेना.

मग रोजच असं चाललं. ती चाखायची, थुंकायची, सांगायची, ते विचारायचे. आठव्या ओळीला पेटीचा वास गेला. नवव्या ओळीचं मूळ इतकं स्वच्छ निघालं की तिलाच थुंकवेना, आणि बाबा ओरडले तेव्हा कुठे तिने थुंकलं. ते तिला सांगत गेले की उन्हाळ्यात जांभळा फुलोरा का खुडायचा, फूल धरलं की मूळ कसं उतरतं, सावलीतल्या झाडाचं मूळ जाड दिसतं आणि पाणचट का लागतं. हे सगळं त्यांना येत होतं हे तिला माहीत होतं, पण सांगताही येतं हे माहीत नव्हतं. तिचे तळहात कुदळीनं फुटले होते आणि बोटं पिवळी झाली होती. वर आभाळ रोज दुपारी भरून यायचं आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं परत जायचं.

पाय रोज रात्रीच्या जेवणाआधी तपासले जात. ती दाबायची आणि मनात आकडे मोजायची. पहिल्या रात्री तीस मोजले तरी खळगा तसाच होता. चौथ्या रात्री वीसला भरून आला. सहाव्या रात्री दहाला. पण सासूबाई म्हणत, तुला वाटतं तसं, तू भराभर मोजत नाहीस ना? हेही खरं असू शकत होतं. सातव्या रात्री बाबांनी चहाचा पेला एका हातात धरला आणि शेवटपर्यंत प्यायले. कुणी काही बोललं नाही. बोललं की दृष्ट लागेल अशी सगळ्यांनाच धास्ती होती.

आठव्या सकाळी बाकावर बसल्यावर धाकटीने मनात हिशोब केला. बारा ओळी निघाल्या होत्या, एकच उरली होती, आणि खणातली चिठ्ठी अजून खणातच होती. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा ताजा निकाल पाहिला, पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. मग खाली वाकून घोट्यावर अंगठा रोवला आणि उचलला. धाकटीने मोजायला एक म्हटलं आणि तिला दोन म्हणावं लागलं नाही. तिथे काही नव्हतंच. हाडाला चिकटलेली म्हाताऱ्या माणसाची कातडी, बस्स.

पोटॅशियम जागेवर आलं होतं. रक्तदाब अजून थोडा वर होता, तो यायला वेळ लागणार होता, पण उतरणीला लागला होता. मूत्रपिंड, हृदय, दोन्ही वयाच्या मानानं ठणठणीत. डॉक्टरीणबाईंनी खणातून चिठ्ठी काढली, तिचे चार तुकडे केले आणि बाबांना म्हणाल्या की आजोबा, आता कांडी दिसली तर मी तुमच्या सुनेला सांगेन. सासूबाई तिथेच, सगळ्या लोकांदेखत, मोठ्यानं रडल्या. धाकटीला वाटलं, आठ दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला, आणि श्वास घ्यायची सवय मोडल्यासारखी ती नुसती उभी राहिली.

तेरावी ओळ दुपारी काढायला घेतली. बांधाकडची, तिची ओळ. बाबा स्वतःच्या पायांनी आले होते, बूट घालून. नवरा-बायकोनं चर खणला, माती ढासळवली. मूळ सापडलं ते हाताच्या मनगटाएवढं जाड, सरळ, कुठे डाग नाही. खाली खाली जात राहिलं. नवरा म्हणाला की हे संपणार आहे की नाही. सोडवून वर आणलं तेव्हा ते तिच्या खांद्यापर्यंत आलं.

तिने कापलं, जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

"सांग की," बाबा म्हणाले. "कसं लागतंय?"

"आधी काही नाही. मग गोड. गोड येतंय आणि जातच नाहीये." तिने थुंकलं. "कडू अगदी शेवटी, तेही नावाला. बाबा, असं आपण कुठल्याच ओळीत चाखलं नाही."

बाबांनी मान हलवली. बादलीवर बसून ते त्या ओळीकडे बघत राहिले.

"ही तू उलटी लावली होतीस."

"हो. तुम्ही परत लावायला लावलीत."

"अर्धी," बाबा म्हणाले. "अर्धी झाली आणि तुला हुंदके फुटले, तुझी सासू तुला घरी घेऊन गेली. उरलेली मी लावली असं तुला वाटलं असेल, पण ती कुणी बदललीच नाही. हे झाड त्या अर्ध्यातलं आहे."

धाकटीच्या हातातला चाकू तसाच राहिला. "मग हे उगवलं कसं?"

"उगवतं. उलटं लावलं तरी कोंब वळून वर येतो, जरा उशिरा येतो इतकंच. मला ठाऊक होतं."

"तेव्हाही?"

"तेव्हाही."

नवरा चरात उभा होता, त्यानं खाली मान घातली आणि माती उकरायला लागला. धाकटीला चार वर्षांचं सगळं एकदम आठवलं. तो भुरभुर पाऊस, बांधावरचे शेजारी, गुडघ्याला लागलेला चिखल. "मग सगळ्यांसमोर कशाला हो बाबा?" तिने विचारलं.

बाबांनी बुटावरची माती खरवडली. "नवी होतीस," ते म्हणाले. मग ते त्यांनाच पुरेसं वाटलं नाही. "चुकलं माझं. तेव्हाच सांगायला हवं होतं. रोज उद्या सांगू म्हणत राहिलो."

तिला राग आला, चांगला भरभरून आला, आणि त्या रागाचं तिलाच बरं वाटलं. गेले पंधरा दिवस या माणसावर रागावता येत नव्हतं. आजारी माणसावर कोण रागावतं? आता तो तिच्यासमोर पायांत बूट घालून धडधाकट बसला होता.

तिने ओळीतली धुतलेली मुळं टोपलीत भरली, काठोकाठ, आणि टोपली त्यांच्या पायाशी ठेवली.

"ही तुम्ही न्यायची घरी," ती म्हणाली. "मी नाही उचलणार."

सासूबाई दगडावरून काहीतरी बोलायला उठल्या, नवऱ्यानं वर बघितलं. बाबा बादलीवरून उठले. वाकले, टोपलीच्या कडेखाली बोटं घातली, एकदा थांबले आणि उचलून खांद्यावर घेतली. पाऊल जरा डगमगलं, मग बसलं. ते चढ चढायला लागले. धाकटी चाकू पुसत त्यांच्या टाचांकडे बघत होती. वर बांधापाशी ते थांबले आणि नदीकडे बघायला लागले, तशी ती दोन पावलं धावली. पण ते दम खायला थांबले नव्हते. टोपलीतली वरची कांडी खाली पडली होती, आणि ती स्वतः न उचलता धाकटीनं येऊन उचलावी म्हणून ते वाट बघत उभे होते.